उसनं दुखणं

जेहाच्या डोक्याला हात लावायचा म्हणजे मिरूला आधी श्वास रोखून धरावा लागे. केस इतके ओशट, की कालची तळलेली कोंबडी त्याने खाल्ली का डोक्याला चोळली असा प्रश्न पडावा. मानेच्या घडीत मळाची काळी रेघ, कानामागे काहीतरी पांढरं, पापुद्र्यासारखं. मिरू त्याच्या मागे गुडघ्यांवर उभी राहिली, त्याची मान उजवीकडे कलती केली, किंचित मागे झुकवली आणि दोन्ही तळवे टाळूवर टेकवले. अजून दाबलंही नव्हतं, तोच जेहा विव्हळला, "आई गं, मेलो."

"मी दाबलंच नाहीये अजून."

"मग सांगायचं ना आधी."

मिरूने तळवे त्याच्याच टी-शर्टच्या पाठीला पुसले. पुसून झाल्यावर हुंगून पाहिले आणि उगाच हुंगले असं तिला वाटलं.

पुढच्या महिन्यात जेहाची लष्कराची तपासणी होती. वयात आलेल्या सगळ्याच मुलांना बराकीत जावं लागतं. मासळीबाजारातल्या बर्फवाल्याचा मुलगा गेला होता, तसा शाळेच्या हेडमास्तरांचाही गेला होता. पण जेहाला जायचं नव्हतं आणि आईला त्याला पाठवायचं नव्हतं. जेहाचं कारण साधं होतं, तिथे सकाळी उठवतात. आईचं कारण कपाटावर फोटोच्या चौकटीत होतं. तिचा धाकटा भाऊ बराकीत गेला तो पांढऱ्या कापडात बांधलेल्या पेटीतून परत आला, आणि नेमकं काय झालं ते कुणी धड सांगितलं नाही. आई त्या फोटोकडे बघायची नाही. नुसती धूळ पुसायची.

रात्र रात्र कॉम्प्युटरवर खेळून जेहाच्या मानेतली एक चकती उजव्या अंगाला जराशी फुगली होती. एमआरआयमध्ये ते दिसलं त्या संध्याकाळी आईने वाढदिवस असल्यासारखं मांस भाजलं होतं. पण नुसत्या फुगवट्यावर कुणी सोडत नाही. फुगवटा आणि दुखणं जुळावं लागतं. मोठ्या इस्पितळातला डॉक्टर मान दाबून बघतो, ओढून बघतो, हात ताणून बघतो, आणि त्याला पटलं तरच दाखला लिहितो. दाखला मिळाला की बराकीऐवजी नगरपालिकेच्या ऑफिसात बसून शिक्के मारायचे. जेहाचं दुखणं मात्र कधी मानेत असे, कधी गुडघ्यात, आणि जेवायच्या वेळी कुठेच नसे.

म्हणून मिरूला बोलावणं आलं होतं. शाळेच्या आरोग्य मंडळात तिने कासवमानेवर प्रयोग करून दाखवला होता. मोबाइलमध्ये तोंड खुपसून मान कासवासारखी पुढे आलेली सगळी मुलं तिने ओळीने खुर्चीत बसवली, मान आणि पाठीचा वरचा भाग तपासायच्या साऱ्या रीती व्यायामोपचार म्हणजे फिजिओथेरपी करणाऱ्या एका बाईंकडून शिकून घेतल्या आणि वर्गाबरोबर पीटीच्या सरांचीही मान तपासली. पहिलं बक्षीस मिळालं. वर्षभरापूर्वी जी पोरगी हजेरी देतानाही लाजायची, ती आता जिन्यात भेटेल त्याला थांबवून खांदे सरळ करायला सांगायची. अशा दिवसांत आई एका संध्याकाळी म्हणाली, की ते शाळेत केलंस ते दादाला शिकव. घरात तिला कुणी काही शिकवायला सांगायची ती पहिलीच वेळ. मिरू हुरळली. खोटं शिकवायचंय हे कळत होतं, पण आधी हुरळली आणि मग तिला कळलं की दादाच्या डोक्याला हात लावावा लागणार.

"पुन्हा सांगते," ती म्हणाली. "कलत्या मानेवर वरून दाबलं की कळ त्याच बाजूच्या हातात उतरते. पार बोटांपर्यंत. आणि डोकं असं वर उचललं की बरं वाटतं. बरं. कळलं?"

तिने त्याच्या हनुवटीखाली आणि मानेमागे हात घालून डोकं हळूच वर ओढलं. हनुवटीखाली घाम होता. जेहा दुप्पट जोराने ओरडला.

"अरे, आता बरं वाटायला हवं."

"एवढं ओढल्यावर कुणाला बरं वाटेल?"

जेवणाचं ठेंगणं टेबल पुसता पुसता आई हे सगळं बघत होती. आई म्हणजे सुन्नाम, पण धक्क्यावर तिला सगळ्या जेहाची आई म्हणूनच ओळखतात. उजाडायच्या आधी ती कालवांच्या शेडमध्ये जाऊन उभी राहते. समोर कालवांचा ढीग, उजव्या हातात आखूड सुरी, मान खाली. शिंपला उघडायचा, आतला बुळबुळीत करडा गोळा काढून टोपलीत टाकायचा, पुढचा घ्यायचा. जितकं वजन भरेल तितकी मजुरी. थंडीचा सारा हंगाम मान खालीच. घरी येताना ती तो वास घेऊन यायची, आणि घरी आल्यावर मानेवर औषधी पट्ट्या डकवायची. कालवं आणि पुदिन्यासारखं झोंबणारं औषध, दोन्ही वास एक झाले की मिरू उठून खिडकी उघडायची. गणवेशालाही तोच वास. वर्गात शेजारची मुलगी बाक सरकवून बसली होती एकदा.

"याला असं नाही कळायचं," आई म्हणाली आणि टेबलावरचं सोललेलं संत्रं उचलून जेहाच्या समोर येऊन मांडी घालून बसली. "मिरू, माझी मान दाब. तू बघ रे नीट."

मिरूने आईची मान उजवीकडे कलती केली. त्वचेवर पट्ट्यांचे जुने चौकोन, एकावर एक, कडांना डिंकाचा काळा मळ. तिने नाकाने श्वास घेणं थांबवलं आणि दाबलं. जोरात नाही, शाळेत दाबायची तेवढंच.

आई ओरडली नाही. तिच्या उजव्या हातात ते संत्रं होतं. बोटं एकेक करून उघडली आणि संत्रं जमिनीवर पडून जेहाकडे घरंगळत गेलं. तोंड जरासं उघडं राहिलं, बस्स. मग आईने उजवा हात उचलून डोक्यावर ठेवला, आणि तसाच ठेवून हळूहळू श्वास सोडला.

मिरूला तो हात ओळखीचा होता. रविवारी जेवणाचा डबा द्यायला ती शेडवर जायची तेव्हा आई अशीच भिंतीला टेकून उभी असायची, डोक्यावर हात ठेवून. बाकीच्या बायका खिदळायच्या. अगं जेहाची आई, मुकुट सावर, राजेसाहेब येताहेत. आईही हसायची. मिरूला वाटायचं, तिची ती उभी राहायची पद्धतच आहे. आणि कासवमानेच्या प्रयोगात तिने स्वतः माइकवरून सांगितलं होतं, की मानेतली नस दबली की हात डोक्यावर ठेवल्याने आराम पडतो. टाळ्याही घेतल्या होत्या त्या वाक्यावर.

"आई, हे कधीपासून आहे?"

"शेडमधल्या सगळ्यांनाच आहे," आई म्हणाली. "जेहा, बघितलंस? ओरडायचं नाही. हात सोडून द्यायचा."

जेहाने घरंगळत आलेलं संत्रं उचललं, फुंकलं आणि खाल्लं. मग समोर बसल्या बसल्या त्याने मान कलवली, बोटं सैल सोडली, तोंड थोडं उघडं ठेवलं आणि हात उचलून डोक्यावर ठेवला. अगदी हुबेहूब. ओठाच्या कोपऱ्यात संत्र्याचा धागा लोंबत होता तेवढाच काय तो फरक. आई खूश झाली.

त्या दिवसापासून घरात तोच खेळ. आई शेडवरून आली की हातपाय धुवायच्या आत जेहा तिला समोर बसवायचा आणि मिरूला एकदा मान दाबायला लावायचा. कळ कशी जाते? मुंग्या कुठल्या बोटांना? सकाळी जास्त की संध्याकाळी? तो एवढं मन लावून कधी काही शिकला नव्हता. आईला वाटायचं, पोरगा आपली चौकशी करतोय. तीही भरभरून सांगायची. पेला कसा निसटतो, रात्री हात बधिर होऊन कशी जाग येते. आणि तो मान डोलावून म्हणायचा, की हे चांगलं आहे, हे मी घेतो. भाजीवाल्याकडून निवडून घ्यावं तसं. दाबून झालं की मिरू दाराशी अभ्यासाला बसायची आणि तिला त्याच्याकडे बघवायचं नाही. कोंबडीचं तंगडं चोखावं तसा तो आईचं दुखणं चोखून घेत होता, आणि हाडूक बाजूला ठेवून कॉम्प्युटरकडे वळत होता.

एका संध्याकाळी आईच्या तळहातावर चीर दिसली. सुरी खोल गेली होती, कडा पांढऱ्या फटक पडल्या होत्या, आत काहीतरी पिवळसर. खाऱ्या पाण्यात दिवसभर भिजलेली जखम.

"हे कधी झालं?"

आईने हात वळवून पाहिला. "अरेच्चा," ती म्हणाली. "कळलंच नाही."

मिरूने तो हात मांडीवर घेतला. जखम धुतली, पट्टी बांधली. मग तिला व्यायामोपचारवाल्या बाईंनी शेवटी दाखवलेली ती एक तपासणी आठवली, जी शाळेत करायची गरज पडली नव्हती. आईचं मधलं बोट सैल धरून तिने त्याच्या नखावर टिचकी मारली. आईचा अंगठा आपोआप आत वळला. मिरूने पुन्हा टिचकी मारली. अंगठा पुन्हा उडाला, पाण्यातून काढलेल्या कोळंबीसारखा.

जेहा मागून हसला. "हे भारी आहे. हे मला शिकव."

त्याने आपलं बोट पुढे केलं. मिरूने टिचकी मारली. अंगठा ढिम्म. त्याने मुद्दाम हलवून पाहिला, पण तो कधी आधी हलायचा, कधी उशिरा. ही तपासणी शिकून येत नाही. बाईंनी म्हटलं होतं, की असा अंगठा उडाला तर नुसती नस नाही, पाठीच्या कण्यातली मुख्य दोरीच दबलेली असते. तिथे मान दाबून बघायचीसुद्धा नाही. सरळ मोठं इस्पितळ.

आणि तिने तर रोज दाबली होती.

तिने आईला सगळं सांगितलं, पायात पाय अडकावेत तसे शब्द अडखळले. पुढे पायही जड पडतील, चालता येणार नाही, असंही सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, की हंगाम संपू दे. हंगाम संपल्यावर तिला आणखी काहीतरी आठवणार होतं हे मिरूला पक्कं माहीत होतं. बाबा खोल समुद्रातल्या बोटीवर होते, फोन लागला तेव्हा तेही म्हणाले, की आईचं ऐक. मग मिरू हट्टाला पेटली. रडली, जेवली नाही, दार आपटलं. तेव्हा आई एकच वाक्य बोलली.

"आधी तुझ्या दादाचं होऊ दे, मग माझ्या मानेचं काय व्हायचं ते होऊ दे."

कॉम्प्युटरसमोर बसलेल्या जेहाने हे ऐकलं. ऐकलं हे मिरूने पाहिलं, कारण त्याची बोटं थांबली. मग ती पुन्हा चालू झाली. इतकी शिसारी मिरूला कालवांच्या राडीची कधी आली नव्हती, ना शेडमागच्या सडक्या शिंपल्यांच्या डोंगराची, ज्यावर उन्हाळ्यात माश्यांचा थर बसतो.

दुसऱ्या दिवशी ती गोड झाली. दादाला पुन्हा शिकवू लागली आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली, की इस्पितळात आई बरोबर हवीच. शेजारी काळजीने खंगलेली आई बसली असली की डॉक्टरला पटतं. जेहाला ते फार पटलं. त्यानेच आईला शेडमधून सुट्टी घ्यायला लावली.

आणि त्याच दिवशी मिरूला ती चूक दिसली. जेहा आईसमोर बसून शिकला होता, आरशासमोर बसावं तसा. आईचा उजवा हात त्याच्या डाव्या अंगाला यायचा. म्हणून त्याची मान डावीकडे कलत होती, बोटं डावी सैल पडत होती, डोक्यावर जात होता तो हातही डावा. त्याच्या मानेतला फुगवटा होता उजवीकडे. मिरूने सांगायला तोंड उघडलं. जेहा दातात अडकलेलं काहीतरी नखाने काढत होता. तिने तोंड मिटलं.

इस्पितळात जायच्या सकाळी आईने जेहाला परीक्षेच्या दिवशी देतात तशी चिकट साखरेची कांडी दिली, पास होऊन चिकटून राहावा म्हणून. बसमध्ये तो ती मचमच चघळत होता. आई खिडकीशी बसली होती, डोक्यावर हात ठेवून. कोटाचं वरचं बटण उघडंच होतं. हल्ली तिला ते लावता यायचं नाही आणि थंडी नाही असं ती म्हणायची.

डॉक्टर ह्वांग पन्नाशीच्या, बारीक, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी एमआरआय पाहिला, जेहाला स्टुलावर बसवलं आणि मागे उभ्या राहून त्याच्या डोक्यावर हात ठेवले. त्यांचंही नाक किंचित आक्रसलं, तेव्हा मिरूला त्या एकदम आवडल्या.

उजवीकडे दाबलं. जेहा गप्प. डावीकडे दाबलं, आणि जेहाने आपलं सगळं कसब पणाला लावलं. ओरडला नाही. बोटं एकेक करून उघडली. तोंड थोडं उघडं राहिलं. मग डावा हात उचलून डोक्यावर ठेवला आणि हळूहळू श्वास सोडला. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या आईचे डोळे पाणावले. तिला खरंच वाईट वाटत होतं.

डॉक्टरांनी डोकं वर ओढलं. जेहाने अगदी योग्य जागी सुटकेचा उसासा टाकला. त्यांनी हात ताणून पाहिला, पकड पाहिली, मग समोर येऊन बसल्या.

"गेली कितीतरी वर्षं मुलं इथे येऊन ओरडतात," त्या म्हणाल्या. "तू पहिलाच, ज्याला खरी कळ कशी असते ते माहीत आहे. फक्त ती तुझी नाही. तुझ्या मानेला डाव्या हाताशी काही देणंघेणं नाही. हे दुखणं कुणाचं आहे?"

जेहाने आईकडे पाहिलं. आईने जमिनीकडे.

"हिचं," मिरू म्हणाली.

डॉक्टर वळल्या. आई खुर्चीत बसली होती, उजवा हात डोक्यावर. तिने तो झटकन खाली घेतला, चोरी पकडली गेल्यासारखा, आणि खाली घेताच तिचा चेहरा पिळवटला.

"ताई, इकडे या."

"मला काही नाही झालेलं. आम्ही त्याच्यासाठी आलोय."

"तुमच्या मुलाने मघापासून तुमचंच दुखणं सांगितलंय मला. फार नीट सांगितलंय. या."

आई उठली नाही, तेव्हा डॉक्टरच तिच्याकडे गेल्या. मान दाबली नाही, नुसती तिची बोटं हातात घेतली. मधल्या नखावर टिचकी मारली. अंगठा उडाला. दुसऱ्या हाताचं बोट घेतलं. तोही उडाला. मिरूने दुसरा हात कधी तपासलाच नव्हता. डॉक्टरांनी तिला खोलीतून एका रेषेत चालून दाखवायला सांगितलं, आणि आई, जी बर्फाळ धक्क्यावरून भरलेली टोपली घेऊन चालायची, ती कोरड्या फरशीवर भिंत चाचपत चालली.

एमआरआय आजच करायचा, डॉक्टर म्हणाल्या. बहुतेक ऑपरेशन. आई म्हणाली, हंगाम संपल्यावर. डॉक्टर म्हणाल्या, की या हातांत आता सुरी धरायची नाही, आणि हंगाम संपेपर्यंत थांबलात तर पुढच्या हंगामाला शेडमध्ये कुणीतरी उचलून न्यावं लागेल. आईने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. जेहाच्या दाखल्याचा विषय निघालाच नाही. डॉक्टरांनी त्याचा एमआरआय पाकिटात घालून त्याच्याकडे सरकवला, बोटांच्या टोकांनी.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात खिडक्या उघड्या होत्या. समुद्रावरचा वारा थेट आत येत होता. आईने कोटाचं बटण लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मग कोटाच्या दोन्ही कडा मिरूपुढे धरल्या. मिरू खाली वाकली. तोच वास आला, कालवांचा आणि पट्ट्यांचा. तिने श्वास रोखला नाही.

"तो डावी बाजू धरत होता ते तुला माहीत होतं," आई म्हणाली.

"हो."

"आणि बोलली नाहीस."

"नाही."

"नालायक कार्टी," आई म्हणाली, पण हनुवटी वर उचलून उभी राहिली, वरचं बटण लावता यावं म्हणून.

जेहा भिंतीला टेकून उभा होता. गालात साखरेची कांडी अजून तशीच चिकटलेली, आणि डावा हात सवयीने डोक्यावर. मग माझ्या दाखल्याचं काय, त्याने विचारलं. आईने त्याच्याकडे पाहिलं. कपाटावरच्या फोटोकडे ती कधी बघायची नाही, तशी ती याच्याकडेही फारसं नीट बघायची नाही हे मिरूच्या तेव्हा लक्षात आलं. आता बघत होती, पायापासून डोक्यापर्यंत.

"हात खाली घे," ती म्हणाली.

त्याने घेतला.

"आणि उद्या केस कापून ये. बारीक."

"तपासणीला अजून वेळ आहे, आई."

"तेलकट आहेत," आई म्हणाली, आणि नाक मुरडून मिरूचा दंड धरला, एमआरआयच्या खोलीकडे जायला.